शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलाला श्रवणयंत्र, व्हीलचेअर मोफत कशी मिळवायची? मोबाईलवरून संपूर्ण प्रक्रिया

आज जरा वेगळा विषय घेतोय. तुमच्या घरात, गल्लीत किंवा नात्यात एखादं लेकरू असेल, जे साध्या शाळेत जातं पण त्याला नीट ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा चालता येत नाही, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. त्याचे आई-वडील शेतात असतील, अर्ज ऑनलाइन असेल आणि घरात स्मार्टफोन नीट वापरता येणारे तुम्हीच असाल, तर हे काम तुमच्याकडेच येणार आहे. माझ्याकडे असंच आलं होतं.

आधी थोडक्यात

साहित्यासाठी सरकारचा पैसा आहे, कायदाही आहे. पण हा पैसा मुलाच्या गरजेमागे येत नाही, तो नोंदीमागे येतो. मुलाचं नाव तीन ठिकाणी लागतं:

१. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डावर
२. शाळेच्या यू-डायस प्लस नोंदीत, "दिव्यांग" म्हणून
३. तालुक्याच्या मोजमाप शिबिराच्या यादीत

यातली एक जरी नोंद राहिली, तरी साहित्य अडकतं. आमची दुसरी राहिली आणि एक अख्खं वर्ष गेलं.

माझ्या भाचीचं काय झालं?

माझी ताई परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या एका गावात राहते. भाची तेव्हा तिसरीत होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत. "लेकरू हुशार आहे, पण लक्षच नाही," असं सर सांगायचे. घरी टीव्हीचा आवाज ती मोठा करायची. मागून हाक मारली की बघायची नाही. पावसाळ्यात वर्गाच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की तिचं त्या दिवसाचं शिक्षण तिथंच थांबायचं. आम्हाला वाटायचं, हट्टी आहे.

शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, कान तपासा म्हणून. हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून, सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. त्यामुळे पथकाची चिठ्ठी कधीच फेकून देऊ नका.

तपासण्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. आम्ही निर्धास्त झालो. उन्हाळ्यात कळलं की तालुक्याला मोजमाप शिबिर होऊनही गेलं आणि आमच्या भाचीचं नाव यादीतच नव्हतं. कारण काय? शाळेच्या ऑनलाइन माहितीत तिच्या नावापुढे दिव्यांग आहे का, या रकान्यात "नाही" होतं. माहिती भरली तेव्हा प्रमाणपत्र आलेलं नव्हतं, आणि नंतर ते शाळेत नेऊन द्यायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. ताई एवढंच म्हणाली, "अजून एक वरीस लेकरानं मागं बसायचं का मग?" म्हणून हा लेख लिहितोय.

हा हक्क आहे का? पैसे कोण देतं?

हो, हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि योग्य सहायक साधनं मोफत द्यायची. लक्षणीय म्हणजे ४० टक्के किंवा जास्त. कलम ३१ नुसार अशा ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे "साहित्य पाहिजे तर विशेष शाळेत टाका" असं कोणी म्हणालं, तर ते चूक आहे.

पैसा येण्याचे मुख्य रस्ते असे:

समग्र शिक्षा: ही केंद्र आणि राज्याची मिळून योजना, २०१८-१९ पासून. तिच्या समावेशित शिक्षण या भागात प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरलेली असते. ही रक्कम पालकांच्या हातात येत नाही. शिबिरं, साहित्य, शिकवण्याची साधनं यावर ती खर्च होते. शिवाय दिव्यांग मुलींना महिना २०० रुपये, वर्षात १० महिने, असा वेगळा भत्ता आहे. याचा लाभ सरकारी, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना मिळतो.

एडिप योजना: १९८१ पासूनची केंद्राची योजना. साहित्य बहुतेक वेळा अलिम्को या कानपूरच्या सरकारी कंपनीकडून येतं. श्रवणयंत्र, व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, कॅलिपर, कुबड्या, ब्रेल साहित्य, स्मार्ट केन हे सगळं यात बसतं. पालकांचं उत्पन्न महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साहित्य पूर्ण मोफत, २२,५०१ ते ३०,००० असेल तर निम्मी सवलत. शाळेतल्या मुलांसाठी दोन्ही योजना मिळून शिबिर घेतात. त्यात खर्चाचा ६० टक्के वाटा एडिपचा आणि ४० टक्के समग्र शिक्षाचा असतो.

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचा ५ टक्के निधी: स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. रक्कम गावाच्या उत्पन्नावर ठरते, त्यामुळे लहान गावात महागडं यंत्र यातून येणार नाही. पण बॅटऱ्या, दुरुस्ती यासाठी मागून बघा. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या.

पायरी १: यूडीआयडी कार्ड

हे काम मोबाईलवर होतं आणि पूर्णपणे मोफत आहे.

१. गूगलवर "स्वावलंबन यूडीआयडी" शोधा. वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" आहे ना, ते बघूनच आत जा. कार्ड काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या साइट आणि एजंट यांच्यापासून लांब राहा.

२. नवीन अर्ज निवडा. मुलाचं नाव आधारवर जसं आहे, अगदी तसंच टाका. आमच्याकडे आधारवर वडिलांचं नाव एका प्रकारे आणि शाळेच्या रजिस्टरवर दुसऱ्या प्रकारे होतं. नंतर दोन फेऱ्या वाढल्या.

३. मोबाईल नंबर असा द्या जो वर्षभर चालू राहील. सगळे ओटीपी आणि मेसेज त्याच्यावर येतात. ताईच्या नंबरला रिचार्ज राहील का याचा भरवसा नव्हता, म्हणून मी माझा दिला.

४. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडा. कायद्यात २१ प्रकार आहेत.

५. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा अपलोड करा. फोटोची साइज जास्त झाली तर फॉर्म पुढे जात नाही. स्क्रीनवर मर्यादा लिहिलेली असते, त्याप्रमाणे फोटो कमी करून घ्या.

६. तपासणीसाठी रुग्णालय निवडा. आपल्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण परभणी. यादीत दिसेल तेच नाव निवडा.

७. अर्ज गेला की नोंदणी क्रमांक येतो. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा.

मग रुग्णालयात जायचं. सेलू, मानवत, पूर्णा इकडून रेल्वेनं परभणी सोपं पडतं. निघण्याआधी त्या प्रकारची तपासणी कोणत्या वारी असते हे विचारून घ्या, नाहीतर मजुरी बुडते ती वेगळीच. कानासाठी ऑडिओमेट्री होते. मूल लहान असेल, नीट सांगू शकत नसेल तर बेरा नावाची तपासणी लागते. त्यात मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात. दुखत नाही, घाबरायचं काही नाही.

प्रमाणपत्र तयार झालं की त्याच साइटवरून डाउनलोड करता येतं, डिजीलॉकरमध्येही ठेवता येतं. कार्डाला रंग असतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि पुढे निळा. मुलांचं प्रमाणपत्र कधीकधी तात्पुरतं असतं. त्यावरची मुदत बघा आणि मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा.

पायरी २: शाळेची नोंद (हीच पायरी लोक विसरतात)

यू-डायस प्लस म्हणजे देशातल्या सगळ्या शाळांची ऑनलाइन माहिती. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद असते आणि पेन नावाचा कायमचा क्रमांक असतो. त्या नोंदीत मूल दिव्यांग आहे का, कोणत्या प्रकारचं, आणि त्याला कोणतं साहित्य मिळालं, याचे रकाने आहेत. पुढचं नियोजन या आकड्यांवर होतं. तिथं "नाही" असेल तर सरकारच्या हिशेबात त्या लेकराला सगळं ऐकू येतं.

पालकांना ही नोंद स्वतः बदलता येत नाही, शाळेचं लॉगिन लागतं. म्हणून:

- प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि एक साधा अर्ज मुख्याध्यापकांना द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही आणि तारखेसह.
- "सर, एकदा स्क्रीनवर दाखवता का?" असं नम्रपणे विचारा. आमच्या सरांनी लगेच दाखवलं. चूक त्यांच्याही लक्षात आली नव्हती. एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आणि वर ऑनलाइनची कामं असतात, त्यामुळे भांडून उपयोग नाही.
- दर वर्षी जून-जुलैमध्ये परत तपासा. शाळा बदलली तर नक्कीच.

प्रमाणपत्र अजून नसेल आणि फक्त शंका असेल, तर शिक्षकांना "प्रशस्त" ॲपबद्दल सांगा. एनसीईआरटीचं हे ॲप शिक्षकांसाठी आहे. त्यात प्रश्नांच्या यादीवरून मुलाला पुढच्या तपासणीची गरज आहे का हे कळतं. ते निदान करत नाही, पण सुरुवात होते.

पायरी ३: गट साधन केंद्र आणि मोजमाप शिबिर

प्रत्येक तालुक्याला गट साधन केंद्र असतं. आपल्या जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके आहेत. या केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक असतात. हाच माणूस तुमच्या कामाचा. त्यांचा नंबर शाळेकडून घ्या, मुलाचं नाव, शाळा, पेन क्रमांक आणि यूडीआयडी क्रमांक एका मेसेजमध्ये पाठवा आणि विचारा: पुढचं मोजमाप शिबिर कधी? नाव यादीत आहे का?

मोजमाप शिबिरात साहित्य मिळत नाही, हे आधी घरी सांगून ठेवा. त्या दिवशी फक्त माप घेतात, काय द्यायचं ते ठरवतात आणि पावती देतात. वाटप नंतर काही महिन्यांनी होतं. ती पावती जपून ठेवा, फोटो काढा. मुलाला सोबत न्यावंच लागतं. व्हीलचेअर असो की कॅलिपर, मापाशिवाय आलेलं साहित्य कोपऱ्यात पडून राहतं.

कागदपत्रं: मोबाईलमध्ये एक फोल्डर करा

- यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांग प्रमाणपत्र
- मुलाचं आणि पालकाचं आधार
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आपले सरकार सेवा केंद्रातून मिळतो
- रेशन कार्ड
- शाळेचं बोनाफाईड
- पासपोर्ट साइज फोटो
- तपासणीचे रिपोर्ट, कानाचा असेल तर ऑडिओग्राम

स्कॅन करताना ॲपची सावली येऊ देऊ नका आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

यंत्र मिळालं, आता खरं काम

दुसऱ्या वर्षी भाचीला दोन्ही कानांची यंत्रं मिळाली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मामा, पंखा एवढा आवाज करतो?" आणि यंत्र काढून ठेवलं. हे असं होतंच. श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं, सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला घरात शांत जागी थोडा वेळ, मग हळूहळू शाळेत.

काही गोष्टी आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या:

बॅटरी: श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी साधारण एक ते तीन आठवडे चालते. वरचं स्टिकर काढलं की ती वापरा किंवा नका वापरू, संपायला लागते. रंगावरून साइज ओळखा: ६७५ निळा, १३ नारंगी. योजनेत यंत्र येतं, पण बॅटरीचा खर्च वर्षभर राहतो. ग्रामपंचायतीच्या ५ टक्क्यांतून आधी हाच मागा.

साचा: इअरमोल्ड म्हणजे कानाच्या मापाचा साचा. मुलाचा कान वाढतो, साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. यंत्र बिघडलं असं समजू नका, साचा बदला.

सेटिंग: चांगलं डिजिटल यंत्र मुलाच्या ऑडिओग्रामप्रमाणे लावून घ्यावं लागतं. वाटपाच्या दिवशी ऑडिओलॉजिस्ट असतील तर तिथंच करून घ्या, नसतील तर रुग्णालयात न्या.

ओलावा: पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवा, बॅटरीचं दार उघडं करून.

आणि शाळेत सरांना सांगून पुढच्या बाकावर, खिडकीच्या गोंगाटापासून लांब बसवा. याला एक रुपयाही लागत नाही.

तोपर्यंत मोबाईल काय करू शकतो?

अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्सक्राइब हे गूगलचं मोफत ॲप बोललेलं मराठीत लिहून दाखवतं. वाचता येणाऱ्या मुलाला घरी अभ्यासात उपयोग होतो. दिसण्याची अडचण असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक आहे, तो स्क्रीन मराठीत वाचून दाखवतो. सांकेतिक भाषेसाठी "साइन लर्न" हे सरकारी ॲप आहे. पण लक्षात ठेवा, मोबाईल म्हणजे श्रवणयंत्र नाही. "ॲप आहे ना" म्हणून अर्ज थांबवू नका.

काम अडलं तर?

१. आधी मुख्याध्यापक, मग गट साधन केंद्र, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग. प्रत्येक ठिकाणी लेखी द्या, पोच घ्या.

२. माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्राच्या ऑनलाइन पोर्टलवर मोबाईलवरून अर्ज होतो, फी १० रुपये. एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत लिहा. सरळ विचारा: "चालू वर्षी तालुक्यातून मोजमाप शिबिरासाठी पाठवलेल्या यादीत माझ्या पाल्याचं नाव आहे का? नसल्यास कारण काय?" उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

३. तरीही झालं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. कलम १७ चा उल्लेख करा आणि सगळ्या पोच जोडा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मूल खासगी विनाअनुदानित शाळेत आहे, मग?
समग्र शिक्षाचं साहित्य मिळणं अवघड, पण एडिपला शाळेची अट नाही. अलिम्कोच्या किंवा जिल्ह्याच्या सर्वसाधारण शिबिरात नाव द्या.

टक्केवारी ४० पेक्षा कमी आली तर?
एडिपचा लाभ मिळत नाही. पण शाळेत नोंद करून घ्या, पुढे बसवणं, परीक्षेत मदत यासाठी ती कामाला येते. त्रास वाढला तर परत तपासणी करा.

यंत्र खराब झालं, परत कधी मिळेल?
एडिपमध्ये त्याच कारणासाठी ३ वर्षांत एकदाच. मूल १२ वर्षांच्या आत असेल तर ही अट १ वर्षाची आहे.

कॉक्लिअर इम्प्लांट होतं का?
एडिपमध्ये आहे, पण लहान वयातच, साधारण ५ वर्षांपर्यंत. त्याचं काम मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था बघते. म्हणून बाळ आवाजाला दचकत नाही असं दिसलं तर शाळेची वाट बघू नका.

शेवटी

भाची आता पाचवीत आहे आणि दुसऱ्या बाकावर बसते. इंग्रजीत अजून मागेच आहे. गेलेलं वर्ष काही परत आलं नाही.

तुमच्या ओळखीत असं लेकरू असेल तर आज एकच काम करा: त्याचं नाव शाळेच्या नोंदीत "दिव्यांग" म्हणून आहे का, एवढं विचारून या. पाच मिनिटांचं काम आहे. लेख उपयोगी वाटला तर गावच्या ग्रुपवर नक्की शेअर करा.